एक प्रसंग, तीन आवाज: विज्ञानकथेवरचा पॉडकास्ट कसा करावा

आमचा पहिला भाग दोन तास दहा मिनिटांचा होता. फोंड्यातल्या माझ्या घराच्या माजघरात आम्ही तिघे, मध्ये एक माइक आणि चहाचे तीन कप. पुस्तक तिघांनीही संपवलेले, मालिका तिघांनीही पाहिलेली, तरी पहिला तासभर आम्ही एकमेकांना कथानकच सांगत बसलो. चार दिवसांनी पणजीला जाताना कदंबच्या बसमध्ये बसून मी तो भाग ऐकला. बाणस्तारीच्या पुलापर्यंत कसाबसा तग धरला, मग इअरफोन काढून खिशात घातले. स्वतःचा पॉडकास्ट स्वतःलाच ऐकवत नव्हता.

विज्ञानकथांची ऑडिओबुके आणि पडद्यावरच्या मालिका यांवर मराठीतून बोलायचे, तेही गोव्यात, पावसात, कौलांखाली, तर काय केल्याने जमते आणि कशाने फसते ते क्रमाने सांगतो. माइकपासून सुरुवात करणारे लेख ढिगाने सापडतील. मी माइककडे उशिरा येणार आहे, कारण आमचा पहिला भाग माइकमुळे कंटाळवाणा झाला नव्हता.

पायरी १: पुस्तक नको, प्रसंग निवडा

एका भागाला एक प्रसंग. वीस तासांचे ऑडिओबुक आणि दहा भागांचे पर्व यांची तुलना करायला बसलात की गाडी 'पुस्तकच जास्त चांगले' या स्टेशनावर येऊन थांबते आणि पुढे सरकत नाही. एकच प्रसंग घेतला तर तो कागदावर, कानात आणि पडद्यावर कसा उतरला यावर तासभर भांडता येते, आणि ऐकणाऱ्यालाही त्या भांडणात बाजू घेता येते.

एक उदाहरण घेऊ. 'द एक्सपान्स' ही कादंबऱ्यांवर बेतलेली मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वे चालली. तिच्यात लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे आहेत, बेल्टर. बेल्टर मान हलवून 'हो' म्हणत नाहीत, खांदे उडवत नाहीत. हातांनी खुणा करतात. कारण साधे आहे: स्पेससूट घातलेल्या माणसाची मान आणि खांदे समोरच्याला दिसत नाहीत, हात दिसतात. पुस्तकात हे कारण निवेदक सांगतो. ऑडिओबुकात ते वाचणाऱ्या जेफरसन मेज यांच्या आवाजात येते, म्हणजे खूण दिसत नाही, खुणेबद्दलचे वाक्य ऐकू येते. मालिकेत कारण कोणी समजावत बसत नाही, नट फक्त हात उचलतो. न वाचलेल्या प्रेक्षकाला ती लकब वाटते, वाचलेल्याला त्यात सगळा इतिहास दिसतो. आता वाद घाला: सांगितलेले चांगले की न सांगितलेले? आमचे यावर पन्नास मिनिटे चालले होते आणि त्यात कथानकाचे चार वाक्यांपलीकडे काही आले नाही.

त्याच मालिकेत बेल्टरांची बोली आहे, निक फार्मर या भाषातज्ज्ञाने रचलेली, अनेक भाषांच्या सरमिसळीतून झालेली. गोव्यातल्या माणसाला हा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. घरी कोंकणी, वर्तमानपत्र मराठी, शाळा इंग्रजी आणि आजीच्या तोंडी पोर्तुगीजातून आलेले जनेल, बटाट, पाव. आपल्याकडच्या गोष्टीला जोडता येईल असा प्रसंग मिळाला तर तो आधी घ्या.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे 'गोष्ट कुठून सुरू होते' हा प्रश्न. लिऊ त्सशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही कादंबरी चीनमध्ये २००८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला सांस्कृतिक क्रांतीचा प्रसंग मूळ चिनी पुस्तकात मध्यावर आहे. २०१४च्या इंग्रजी अनुवादात केन लिऊ यांनी लेखकाच्या संमतीने तो आरंभी आणला. लेखकाच्या मनात मुळात तसेच होते. नेटफ्लिक्सची २०२४ची मालिका त्याच प्रसंगाने उघडते, तर २०२३ची तीस भागांची चिनी मालिका वर्तमानकाळात सुरू होते. गोष्ट एकच, दारे दोन. कोणत्या दाराने आत गेल्यावर त्या प्रसंगातली नायिका तुम्हाला आधी कळते आणि कोणत्या दाराने आधी तिची भीती वाटते, यावर बोला.

अगदी पहिल्या भागासाठी मात्र माझा सल्ला मराठी लघुकथेचा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. टोपणनावाची आद्याक्षरे उलटी वाचा, गंमत कळेल. अशी कथा एका बैठकीत ऐकून होते, तिघांचीही ताजी असते आणि ऐकणाऱ्यालाही भागाआधी वाचून येता येते. वीस तासांचा ग्रंथ ऐकून येण्याची अट घातलीत तर श्रोते म्हणून फक्त नातेवाईक उरतील. तेही खोटे सांगतील.

आणि एक. कोणते रूप आधीचे ते तपासून बसा. आमच्यातल्या एकाने 'हिचहायकर्स गाइड' रेडिओवाल्यांनी पुस्तकाची कशी काटछाट केली यावर दहा मिनिटे तावातावाने सांगितले. ती गोष्ट १९७८ साली बीबीसी रेडिओवरच जन्मली, पुस्तक १९७९चे आणि दूरचित्रवाणी मालिका १९८१ची. ती दहा मिनिटे कापली, पण त्याला अजून चिडवतो.

पायरी २: ऐकताना आणि बघताना नोंदी

ऑडिओबुकाला पान नंबर नसतो, हे ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी लक्षात येते. 'ते मध्ये कुठेतरी आहे बघ' असे म्हणत अ‍ॅप मागेपुढे सरकवण्यात आमची एक संध्याकाळ गेली. म्हणून ऐकतानाच बुकमार्क टाका आणि वहीत प्रकरण आणि वेळ लिहा: 'प्र. ७, १२ मि. ४० से.'. वेळ सुरुवातीपासूनची लिहा, 'उरलेली' नको, कारण काही अ‍ॅपमध्ये ऐकण्याचा वेग वाढवला की उरलेला वेळही बदलून दिसतो. प्रकरणांचे आकडेही फसवतात. बऱ्याच ऑडिओबुकांत सुरुवातीची श्रेयनामावली हाच पहिला ट्रॅक असतो, त्यामुळे तुमचे सातवे प्रकरण अ‍ॅपमध्ये आठवे दिसते.

वेगाबद्दल आमच्यात तट आहेत. मी सव्वापट वेगाने ऐकतो, म्हणजे वीस तासांचे पुस्तक सोळा तासांत, फोंडा-पणजी जाऊन-येऊन आठ दिवसांचे काम. पण ऑडिओबुक वाचणाऱ्याच्या आवाजाबद्दल मत द्यायचे असेल तर निवडलेला प्रसंग मूळ वेगानेच ऐका. दीडपट वेगाने ऐकून 'वाचणारा फार घाई करतो' असे म्हणणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला आहे. आरशात पाहिला.

ऐकताना वहीत चार गोष्टी टिपायच्या. वाचणारा पात्रांचे आवाज बदलतो की फक्त लय बदलतो? शास्त्रीय स्पष्टीकरण आले की त्याचा सूर सपाट होतो का? लिहिलेले पत्र, संगणकावरचा मजकूर, आकड्यांचा तक्ता अशा डोळ्यांसाठी असलेल्या गोष्टी तो कशा निभावतो? आणि शांतता कुठे सोडतो? चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण परग्रहावर दार उघडले की पुढचा शब्द यायच्या आधीचा दीड सेकंद सगळे काम करून जातो.

मालिकेचा तोच प्रसंग तीनदा बघा. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. तिसऱ्या फेरीत हाताला खूप काही लागते. निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, तरी यानाच्या इंजिनाची घरघर किती मालिका आपल्याला ऐकवतात, ते पाठ केल्यावरच कळते.

शेवटी सीमारेषा ठरवा. पुस्तक आणि पर्व एकाच ठिकाणी संपत नाहीत. 'एक्सपान्स'चे पहिले पुस्तक मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागापर्यंत ताणलेले आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगा: 'आज अमुक प्रकरणापर्यंत आणि तमुक भागापर्यंतचेच बोलणार.' हे पाळले तर रहस्यफोडीवरून शिव्या खाव्या लागत नाहीत.

पायरी ३: उच्चार आणि शब्द आधी एक करा

ही पायरी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. वाचणाऱ्याला नावाचे स्पेलिंग माहीत असते, उच्चार नाही. ऐकणाऱ्याला उच्चार माहीत असतो, स्पेलिंग नाही. 'एक्सपान्स'मधल्या मुत्सद्दी बाईंना आमच्यातला वाचणारा 'अवसरला' म्हणत होता, ऐकणारा 'आवासाराला', आणि मालिका पाहिलेली वाळपईची मैत्रीण नुसते 'त्या साडीवाल्या आजी'. अर्ध्या तासाने एका श्रोत्याचा निरोप आला: या तिघी कोण?

तेव्हापासून रेकॉर्डिंगआधी एका कागदावर नावे देवनागरीत लिहून मध्ये ठेवतो. ऑडिओबुकाचा उच्चार ग्राह्य, कारण निदान त्याच्यासाठी कोणीतरी चौकशी केलेली असते. संज्ञांचेही तसेच. कृष्णविवर, प्रकाशवर्ष, यंत्रमानव, कालप्रवास हे शब्द मराठीत रुळलेले आहेत, ते वापरा. जिथे रुळलेला शब्द नाही तिथे ओढूनताणून घडवू नका, 'वॉर्प ड्राइव्ह'ला वॉर्प ड्राइव्हच म्हणा. एक शब्द ठरला की भागभर तोच. पाच मिनिटांनी 'अवकाशयान', मग 'अंतराळयान', मग 'शिप' असे झाले तर ऐकणाऱ्याला तीन याने दिसतात.

गोव्यात कोंकणी मध्येच येणार. येऊ द्या. 'किदें सांगता!' हा उद्गार कापून मी एकदा 'काय सांगतोस' असे पुन्हा रेकॉर्ड करायला लावले होते. ऐकताना इतके खोटे वाटले की मूळचेच परत घातले. मुद्दा मराठीत, उद्गार येईल त्या भाषेत.

संबोधनांचा वेगळाच घोळ. आमच्यातले दोघे शिक्षक आहेत आणि सवयीने एकमेकांना 'सर' म्हणतात. श्रोत्याला कोणता सर कोण ते कळेना. आता माइकपुढे मोठ्यांना 'भाई' आणि धाकट्यांना नावाने हाक मारतो, आणि प्रश्न विचारण्याआधी नाव घेतो. नुसत्या आवाजावर नवीन माणूस दोन जणांना ओळखतो, फार तर तिघांना. चौथा माणूस बसवायचा असेल तर तो पाहुणा असावा आणि त्याचे बोलणे एका ठरावीक टप्प्यात यावे.

पायरी ४: जागा, म्हणजे पावसाशी करार

गोव्यात खरी अडचण इथे आहे. मंगळुरी कौलांचे घर राहायला सुंदर, रेकॉर्डिंगला वैरी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा शेजारच्याचेही ऐकू येत नाही, आणि पाऊस थांबला की बेडूक. पंखा लावला तर घरघर, बंद केला तर मे महिन्यात माणूस घामाने भिजतो. सकाळी आणि संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, मध्ये मासळीवाल्याच्या दुचाकीचा हॉर्न, आणि गणेश चवथीच्या दिवसांत तर प्रत्येक घरात घुमटाच्या (मातीच्या वाद्याच्या) तालावर आरती. त्या दिवसांत रेकॉर्डिंग ठेवायचेच नाही, आरतीला जावे.

आम्ही जे करून पाहिले त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली जागा निघाली मोटार. एका मित्राच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी, काचा वर, इंजिन बंद. गाद्या आणि छताचे कापड आवाज पिऊन टाकतात, घुमारा उरत नाही, वर स्लॅब असल्याने पाऊस कळत नाही. पुढे दोघे, मागे एक. पंचवीस मिनिटांनी दारे उघडून हवा घ्यायची, चहा प्यायचा, पुन्हा आत. सहा भाग आम्ही असे केले. एकदा रखवालदाराने टॉर्च मारून विचारले, 'सगळें बरें मूं?' आत तीन मोठी माणसे अंधारात मंगळावरच्या हवेबद्दल वाद घालत होती. त्याला काय सांगणार?

मोटार नको असेल तर स्लॅबच्या घरातली सगळ्यात भरलेली खोली निवडा: कपड्यांचे कपाट, गादी, पडदे, पुस्तकांचे फडताळ. मोकळी, फरशीची, उंच छताची खोली दिसायला स्टुडिओसारखी, ऐकायला विहिरीसारखी. टाळी वाजवून बघा. टाळीनंतर शेपूट ऐकू आले तर एक गोधडी भिंतीला टांगा, पुन्हा टाळी वाजवा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि खराब जोडणीतून तीच गुणगुण माइकमध्ये उतरते, इन्व्हर्टरची कुरकुर वेगळीच. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर भिंतीतून काढा. आणि दर वेळी बोलणे सुरू करण्याआधी सगळे गप्प बसून अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. संपादनात गोंगाट काढायला आणि कापलेल्या जागा सांधायला तीच लागते.

पायरी ५: माइक आणि नाटकाची सवय

मोजकेच सांगतो. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्याने डायनॅमिक प्रकारचा माइक घ्यावा, कंडेन्सर नको. कंडेन्सर जास्त संवेदनशील असतो, म्हणजे त्याला शेजारच्या घरातली मिक्सीही ऐकू येते. प्रत्येकाला स्वतंत्र माइक आणि प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक हवा. दोन माइकमधले अंतर तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर एकाचा आवाज दोन्हींत शिरून पोकळ ऐकू येतो. तोंडापासून माइक एक मूठ आणि दोन बोटे इतका दूर, आणि थोडा तिरका.

तिरका का, ते तपासायला एक गोमंतकी कसोटी आहे. माइकपुढे म्हणा: 'फोंडा, पेडणे, भिरोंडा, म्हापसा.' प, फ, भ यांचा फुत्कार माइकवर आदळून 'धप्प' ऐकू आला तर माइक आणखी तिरका करा. मग म्हणा: 'साखळी, सांगे, शिरसई.' सकार टोचू लागला तर किंचित मागे व्हा.

पावसाळ्यात माइक उघड्यावर ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस. आमच्या एका माइकच्या स्पंजवर दोन महिन्यांत बुरशी आली होती आणि तो वास मी अजून विसरलेलो नाही.

आता नाटक. गोव्यात मराठी बोलणाऱ्यांत दर दुसरा माणूस कधी ना कधी जत्रेच्या नाटकात उभा राहिलेला असतो. ही आपली मोठी ठेव आहे: पल्लेदार वाक्य, स्वच्छ उच्चार, पाठांतर. पण मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय माइकपुढे घात करते. आमच्यातल्या एकाने संभाजीची भूमिका गाजवलेली. तो 'गुरुत्वाकर्षण' म्हणाला की आवाजाचा काटा लाल व्हायचा. उपाय असा केला की त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर, एक माणूस बसवला आणि सांगितले, 'फक्त हिला सांग, मंडपाला नको.' लगेच सूर उतरला. बोलताना आवाजाची पातळी सरासरी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान असावी आणि ऐन हसण्यातही उणे ६च्या वर जाऊ नये.

तिघे तीन गावांत असाल तर प्रत्येकाने आपापल्या फोनवर किंवा रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, एकमेकांना ऐकायला मात्र कॉल. सुरुवातीला 'एक, दोन, तीन' म्हणून सगळ्यांनी एकदम टाळी वाजवायची. नंतर त्या टाळ्या एकाखाली एक लावल्या की ट्रॅक जुळतात. शेवटीही एक टाळी घ्या. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि तासाभरात फरक ऐकू येण्याइतका होतो, हे शेवटच्या टाळीवरून पकडता येते. आमचा फरक निघेपर्यंत मी त्या मित्राला 'तू फार थांबून उत्तर देतोस' म्हणून बोललो होतो. माफी मागितली.

पायरी ६: तुकडे वाजवणे आणि कायदा

'तीस सेकंदांपर्यंत वाजवले तर चालते' असे सगळे सांगतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांचा असा कोणताही आकडा नाही. कलम ५२ मध्ये समीक्षा आणि परीक्षणासाठी वाजवी वापराची मुभा आहे. वाजवी म्हणजे किती, हे वापराचा हेतू आणि प्रमाण पाहून ठरते. आमचा पायंडा असा: ज्या वाक्याबद्दल बोलणार तेवढेच वाजवायचे, लगेच त्यावर बोलायचे, आणि पुस्तक, वाचणारा, प्रकाशक यांची नावे घ्यायची. सजावट म्हणून पार्श्वसंगीत किंवा अख्खे प्रकरण, कधीच नाही. एवढे करूनही व्हिडिओच्या मंचांवरची स्वयंचलित यंत्रणा तुकडा पकडू शकते, म्हणून तिथे आम्ही तुकड्याऐवजी ते वाक्य स्वतः वाचतो.

पूर्ण उतारा वाचायची हौस असेल तर जुन्या लेखकांकडे जा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. एच. जी. वेल्स १९४६ साली गेले, म्हणजे त्यांचे मूळ लेखन मोकळे आहे. पण कोणी केलेला मराठी अनुवाद आणि कोणी वाचलेले ऑडिओबुक यांचे हक्क वेगळे असतात. आम्ही त्यांचा एक परिच्छेद स्वतः मराठीत आणला आणि तिघांनी तीन पद्धतींनी वाचला. आजवरचा सगळ्यात लाडका भाग तोच.

सुरुवातीच्या धूनसाठी संगीत विकत घ्यायची गरज नाही. गावात घुमट वाजवणारा सापडतोच. बारा सेकंद घुमट आणि वर कांसाळे (झांज), त्याची लेखी परवानगी आणि प्रत्येक भागात त्याचे श्रेय. विज्ञानकथेच्या आधी घुमट कसा वाटेल अशी शंका होती. वाजवून बघा, यान सुटल्यासारखा वाटतो.

पायरी ७: संपादन

तासाभराच्या भागाला माझे चार-पाच तास जातात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आधी मजकूर कापा, मग आवाज सुधारा, उलटे नको. कापताना एकच प्रश्न: हे वाक्य प्रसंगाबद्दल आहे की कथानक सांगते आहे? कथानक सांगणारे निम्मे जाते. 'अं', 'म्हणजे' सगळे काढू नका, माणसे यंत्रमानवासारखी बोलू लागतात आणि आपल्या विषयात तो गोंधळ परवडणारा नाही.

मग ८० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळा, गोंगाट थोडाच कमी करा, आवाजांची चढ-उतार हलक्या हाताने दाबा. शेवटची जोराची पातळी स्टीरिओत उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा जोर मोजायचे एकक), मोनोत उणे १९, आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या खाली. नुसत्या बोलण्याला मोनो एमपीथ्री ६४ केबीपीएस चालतो: तासाला २९ एमबीच्या आसपास. सत्तरी-काणकोणात जिथे रेंज लपाछपी खेळते तिथल्या श्रोत्याला हा आकडा मोठा दिलासा आहे. मूळ रेकॉर्डिंग मात्र वेव्ह स्वरूपातच ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला पाचशे एमबीच्या वर जातो, तीन ट्रॅक म्हणजे दीड जीबी, तेव्हा हार्ड डिस्कची सोय आधी करा.

तयार भाग इअरफोनवर तपासू नका. फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात, भाजी चिरताना ऐका. चिरणे थांबवून फोन जवळ घ्यावा लागला तिथे दुरुस्ती हवी.

पायरी ८: सोडणे आणि पाहुणे

फाइल ठेवायची जागा अशी निवडा जिथे आरएसएस फीड (अ‍ॅपना नवे भाग कळवणारी यादी) तुमच्या ताब्यात राहील आणि हवी तेव्हा दुसरीकडे हलवता येईल. अ‍ॅप येतात आणि जातात, गूगल पॉडकास्ट्‌स २०२४ मध्ये बंदच झाले. मुखचित्र चौरस, निदान १४०० बाय १४०० पिक्सेल, आणि त्यावरचे नाव देवनागरीत ठसठशीत, कारण फोनवर ते नखाएवढे दिसते. वर्णनात प्रसंग कोणत्या मिनिटाला सुरू होतो ते लिहा. पंधरवड्याला एक भाग पुरे. आठवड्याचा हट्ट आम्ही तीन आठवडे केला.

पाहुण्यांच्या बाबतीत गोवा श्रीमंत आहे आणि आपल्या लक्षात येत नाही. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली. अंटार्क्टिकावरच्या मैत्री किंवा भारती तळावर हिवाळा काढलेला माणूस ओळखीच्या ओळखीतून सापडू शकतो. त्याला विज्ञानकथा वाचायला लावू नका. बंद यानातल्या माणसांचा एक प्रसंग ऐकवा, दहा मिनिटांचा, आणि विचारा: 'महिनोन्‌महिने तीच तोंडे बघताना जेवणाच्या टेबलावर असेच होते का?' मग माइक त्याच्याकडे सरकवा आणि तिघांनीही गप्प बसा. आमच्यातल्या संभाजीला हे सगळ्यात अवघड जाते, म्हणून त्याच्या हातात त्या वेळी आम्ही चहाचा कप देतो.